पिठाची मूठ

"मावशी, तुमी आत कुठं निघालाव? माणसं जेवायची हायत. तिकडं भाकरीकडं बगा की."

दारातच अडवलं मला. अडवणारा आमच्या पक्षाचा जिल्हा सेक्रेटरी होता. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात, मीही म्हणते. परभणीतलं एक मंगल कार्यालय, आत पक्षाचं जिल्हा अधिवेशन, कमानीला लाल कापड. मी सोनपेठहून पहाटेची एसटी धरून आले होते. माझ्या छातीवर बिल्ला होता. मी चौथी शिकले, तेवढं वाचता येतं मला. बिल्ल्यावर छापलं होतं, प्रतिनिधी. गावातल्या शेतमजूर बायांनी मला निवडून पाठवलं होतं.

वकीलसाहेबांनी तो बिल्ला पाहिला. पाहिला हे मी खात्रीनं सांगते, कारण तो तिरपा लागला होता आणि त्यांनीच तो सरळ केला. सरळ केला आणि म्हणाले, भाकरीकडं बगा.

मी गेले. कोणी ढकललं नाही, कोणी हात धरला नाही. मी आपल्या पायांनी चालत मागच्या बाजूला गेले.

मागे विटांच्या चुली मांडल्या होत्या. काठवटीत पीठ होतं. चुलीपुढं सगळ्या बायाच. त्यातल्या तिघीचौघींच्या छातीवर माझ्यासारखाच बिल्ला. एकमेकींचा बिल्ला आम्हाला दिसत होता. एकीनं पदर पुढं घेतला, बिल्ला झाकला आणि भाकरी थापायला बसली. मीही तसंच केलं. पिठानं खराब होईल म्हणून झाकला, असं मी मनाशी म्हणाले.

आमच्या पक्षात पुरुष सगळे कॉम्रेड. काल मिसरूड फुटलेला पोरगाही कॉम्रेड. मी तरणी होते तेव्हापासून या पक्षात आहे. झेंडा धरला, पोलिसांची काठी खाल्ली, परभणीच्या जेलात लेकराला अंगावर पाजलं. पण मला कोणी कॉम्रेड म्हणालं नाही. आधी मी वहिनी होते, मग मावशी झाले. मला ते गोड वाटायचं. एवढा मोठा वकील, घरची बागायत, आणि भर सभेत मला मावशी म्हणतो, याचा मला गर्व होता. मावशीला घरात मान असतो, पण तिला कोणी मत विचारत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला सगळं आयुष्य गेलं.

वकीलसाहेब वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या केसेस त्यांनी फुकट लढवल्या. कोर्टात आमच्यासाठी न्यायाधीशाशी वाजवून बोलले. ते सगळं खरं आहे. म्हणूनच तर त्यांच्यापुढं माझं तोंड उघडत नव्हतं.

त्या वर्षी पक्षात भांडण लागलं होतं. एका बाजूला वकीलसाहेब. दुसऱ्या बाजूला सर. सर कॉलेजात शिकवतात, बोलणं गोड, शर्ट कडक इस्त्रीचा. त्यांना सेक्रेटरी व्हायचं होतं. वकीलसाहेबांना खुर्ची सोडायची नव्हती. दोघं व्यासपीठावर शेजारी बसायचे आणि एकमेकांकडं बघायचे नाहीत. त्या वर्षी आमचा एकच मोर्चा दोनदा निघाला. एक वकीलसाहेबांचा, दुसऱ्या दिवशी सरांचा. मागण्या त्याच, झेंडे तेच, कचेरी तीच. मला दोन्हीकडून बोलावणं, म्हणून मी दोन्हीत गेले. कलेक्टर कचेरीवरचा शिपाई मला म्हणाला, "आजे, काल तर आलतीस की! काय राहिलं का हितं?"

मी हसले. खरं तर रडायची गोष्ट होती.

आता मथुरेचं सांगते. मथुरा राणीसावरगावकडची. माहेरी-सासरी दोन्हीकडं मेंढरं, पण ती शेतात मजुरीला जाते. माझ्याहून बरीच लहान. मला आक्का म्हणते. पक्षात तिला मीच आणलं. पहिल्या मोर्चात तिला हात कसा वर करायचा ते माहीत नव्हतं. मी तिची बोटं मिटवली, अंगठा बाहेर घेतला आणि सांगितलं, मूठ खांद्याच्या वर गेली पाहिजे. घोषणेला मूठ. मतदानाला उघडा हात. हे पक्षात पहिल्या दिवशीच शिकवतात. मला जे शिकवलं तेच मी तिला शिकवलं.

पोरगी माझ्या पुढं गेली. गंगाखेड तालुक्याची सेक्रेटरी झाली. जिल्हा कमिटीवर बाईची एक जागा असते, तीही तिला मिळाली. मला त्याचं बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

अधिवेशनाच्या आधी पावसाळ्यात तिनं खुरपणीच्या बायांचं काम बंद केलं. मागणी एवढीच, की सांजच्याला पाच वाजले की खुरपं खाली. अंधार पडेपर्यंत कोणी वाकणार नाही. बाया ऐकल्या. शेतात कोणी पाऊल टाकलं नाही. गवत पिकाच्या वर यायला लागलं तसा मालक कबूल झाला. पाचची सुट्टी मिळाली. बायांनी गुलाल उधळला.

ते शेत वकीलसाहेबांच्या सख्ख्या भावाचं होतं.

वकीलसाहेब म्हणाले, "आधी पक्षाला विचारायला पायजे होतं. शिस्त हाय का न्हाई?" सर खूश झाले. त्यांनी मथुरेचं भाषणात नाव घेतलं, तिच्याबरोबर फोटो काढला. वकीलसाहेबांच्या घरचं नाक कापलं गेलं, म्हणून सरांना मथुरा आवडत होती. पण मग मथुरेनं जाहीर केलं की जिल्हा सेक्रेटरीला मी उभी राहणार. शेतमजुरांचा पक्ष आहे तर शेतमजूर बाई का नको?

तिनं हे म्हटलं आणि वर्षभराचं भांडण एका आठवड्यात मिटलं. दोघं एकमेकांच्या घरी जेवायला गेले. ठरलं, की वकीलसाहेब अजून एक मुदत राहणार, पुढच्या खेपेला सर.

अधिवेशनात मी भाकरी थापत होते तेव्हा वकीलसाहेब चुलीपाशी आले. एवढे मोठे साहेब धुरात येऊन उभे राहिले.

"मावशी, तुमचं नाव घातलंय पॅनेलमधी. जिल्हा कमिटीवर. एक बाई लागतीच."

मी विचारलं, "मंग मथुरा?"

"तिचं बगू."

मला कळलं. तव्यावरची भाकरी मी उलटली. विचारलं नाही की काय बघणार, कसं बघणार. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. घरी सुनेला कसं सांगायचं, हे आलं. तुझी सासू जिल्हा कमिटीवर गेली.

थोड्या वेळानं एक कार्यकर्ता पळत आला. "बिल्लेवाल्या बाया आत चला. मतदान हाय. ऱ्हाऊ द्या हात, तसंच चला." मी भाकरीचं टोपलं झाकलं आणि आम्ही तशाच उठलो. कोपरापर्यंत पीठ. मला अडवणारे वकीलसाहेब आता दारात नव्हते. आता दार उघडं होतं.

मी शेवटच्या रांगेत उभी राहिले. वकीलसाहेबांनी कागद वाचला. शिस्तभंग, गटबाजी, पक्षाच्या परवानगीशिवाय आंदोलन. म्हणून कॉम्रेड मथुराबाईंना सर्व पदांवरून दूर करावं आणि पक्षातून निलंबित करावं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला कोणी व्यासपीठावरून कॉम्रेड म्हणालं. काढताना म्हणालं.

मथुरा उठली. "मला बोलायचंय."

"बसा. कमिटीनं तुमचं ऐकलंय."

"कमिटीनं ऐकलं. हितल्या माणसांनी न्हाई ऐकलं."

सर माइकपाशी गेले, हात जोडून म्हणाले, "वाद नको. आज एकजुटीचा दिवस आहे." आणि वकीलसाहेबांनी मूठ वर करून आवाज दिला.

"पक्षाची एकजूट!"

सगळं कार्यालय म्हणालं, "झिंदाबाद!"

सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. माझीही गेली. इतक्या वर्षांची सवय आहे. तो आवाज आला की हात आपोआप जातो. आणि मूठ वर असतानाच वकीलसाहेब म्हणाले, "सर्वानुमते मंजूर!"

टाळ्या पडल्या. वरून आलेल्या निरीक्षकानं मान खाली घालून लिहून घेतलं.

मला नंतर कळलं असं मी म्हणू शकते. बऱ्याच जणांनी तसं म्हटलं. पण मला तिथंच कळलं. मूठ खाली यायच्या आधी कळलं. घोषणेच्या मुठी मतं म्हणून धरल्या, हे मला दिसलं. तोंड उघडायला वेळ होता. मथुरा व्यासपीठाकडं बघत नव्हती, ती मागं वळून आमच्या हातांकडं बघत होती. तिची नजर माझ्यापर्यंत आली. मी हात खाली घेतला आणि पदराला पुसला.

पुढचा ठराव नव्या कमिटीचा होता. त्यात माझं नाव वाचलं गेलं.

जेवणाच्या पंगतीत मथुरा आली. मला वाटलं होतं ती निघून गेली असेल. ती मांडी घालून बसली आणि म्हणाली, "वाढ आक्का. भूक लागलीय." मी वाढलं. तिनं ठेचा मागितला, तोही वाढला. ती माझ्या हातची भाकरी खात होती आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

जिल्हा कमिटीवर माझी खुर्ची दाराजवळची. दाराजवळची का, ते पहिल्याच बैठकीत समजलं. खाली हॉटेलवाल्याला चहा सांगायला बरं पडतं. पुरुष बोलायचे, मी कप गोळा करायचे. दोन तास बोलून झालं की विचारायचे, "मावशी, तुमाला मान्य हाय ना?" मी मान हलवायचे.

तिकडं मथुरेच्या पाठीशी पक्ष राहिला नाही, हे मालकाला आठ दिवसांत कळलं. पुढच्या खुरपणीला त्यानं दुसऱ्या गावाहून टेम्पो भरून बाया आणल्या. जुन्या बायांना सांगितलं, यायचं तर दिवस बुडेपर्यंत. बाया गेल्या. काय करतील? पाचची सुट्टी संपली. त्यांचं काय झालं ते मला ऐकायचं नव्हतं, पण मीही शेतमजूर आहे. आमच्यात बातम्या बांधाबांधानं येतात.

मथुरा एक दिवस माझ्या गावी आली. सोनपेठचा बाजार करून आली होती. पिशवी खाली ठेवली, पाणी प्याली आणि मोबाईल काढला. पक्षाच्या ग्रुपवर अधिवेशनाचा फोटो टाकला होता. मुठीच मुठी. त्यात शेवटच्या रांगेत तीन-चार पिठानं पांढऱ्या. तिनं त्यातल्या एकीवर बोट ठेवलं.

"ह्यो हात कुनाचा हाय, आक्का?"

"माजा."

"मत दिलंस का झिंदाबाद मनलीस?"

"झिंदाबाद मनले."

"मंग तवाच कामून बोलली न्हाईस?"

मी म्हणाले, "भाकरी करपायल्या होत्या."

मथुरा हसली. खरंच हसली, पोट धरून. "आक्का गं! भाकरी तर झालत्या तवा. टोपलं झाकून आलतीस तू."

मग हसणं थांबलं. तिनं मोबाईल कमरेला खोचला, पिशवी उचलली आणि गेली. चहा घे असंही मला म्हणता आलं नाही. मी इतक्या वर्षांत पोलिसांना, मालकांना, नवऱ्याला खोटं बोलले असेन, पण इतकं फालतू खोटं कधी बोलले नव्हते. करपलेल्या भाकरीची ढाल केली मी.

यंदा वकीलसाहेबांची आणि सरांची दिलजमाई तुटली. सरांना वाटलं मुदतीची वाट बघण्यात अर्थ नाही. सेक्रेटरीवर अविश्वास आणायचा ठरला. कमिटी निम्मी-निम्मी फुटली. एक हात ज्याच्याकडं, खुर्ची त्याच्याकडं. उरला होता दाराजवळच्या खुर्चीतला हात.

सर गाडी घेऊन माझ्या घरी आले. बाजेवर बसले. माझ्या सुनेनं दिलेला बिनदुधाचा चहा न कुरकुरता प्याले. म्हणाले, "कॉम्रेड, तुमच्यासारख्या कष्टकरी बायकांनी आता निर्णय घ्यायला हवा."

कॉम्रेड. मला. माझ्याच अंगणात, म्हातारपणी. अंगावर काटा आला, नाही कशाला म्हणू? आणि त्याच क्षणी कळलं की हा शब्द माझ्या हाताला आहे, मला नाही.

मी म्हणाले, "सर, मथुरेला माघारी घेताव का?"

"ते नंतर बघू. आधी नेतृत्व बदलू द्या."

वकीलसाहेबांचा फोन आला. "मावशी, तुमी तर आमच्या घरच्या. तुमाला काय सांगायचं?"

त्यांनाही विचारलं. मथुरा?

"बगू की. एवढं होऊ द्या."

दोघांचं उत्तर एकच. बघू. वकीलसाहेब चुलीपाशी उभं राहून म्हणाले होते तेच.

बैठकीला गेले. ऑफिसात पाऊल टाकलं तसे वकीलसाहेब म्हणाले, "मावशी, आधी च्या सांगा खाली."

मी दाराजवळची खुर्ची ओढून मधे नेली आणि बसले. "आज च्या दुसऱ्या कुनाला सांगायला लावा."

लोक हसले. म्हातारी रुसली असं वाटलं त्यांना.

दोन तास बोलणं झालं. एकमेकांची उणीदुणी काढली. मतदान घ्यायची वेळ आली तसे वकीलसाहेब उभे राहिले. चेहरा शांत. त्यांना आपला हुकमी डाव माहीत होता. "कॉम्रेड्स, फूट पडली तर मालक हसतील. माझ्या नेतृत्वाचं जाऊ द्या. पक्षाची एकजूट!"

"झिंदाबाद!"

मुठी वर गेल्या. सरांचीसुद्धा गेली! अविश्वास आणणाऱ्याचीच मूठ वर. सवय कोणाला सोडत नाही. माझाही उजवा हात मांडीवरून उठला होता. मी तो डाव्या हातानं धरला आणि खाली दाबला. लाज वाटली मला, आपलाच हात असा चोरासारखा धरून ठेवावा लागतो याची.

"सर्वा..." वकीलसाहेब म्हणाले.

मी म्हणाले, "मोजा."

"काय मोजा, मावशी?"

"हात मोजा. उघडे हात. मुठी न्हाई."

सर उसळून उठले. "अगदी बरोबर! कॉम्रेड बरोबर बोलतात!"

"सर, बसा. तुमची बी मूठ वर व्हती, मी बगितली." ते बसले. मी उठले. "मथुरेच्या वक्ताला बी असंच केलं तुमी. दोगांनी मिळून केलं. आमची झिंदाबाद घेतली आन् मत मनून मोजली. मी मत दिलं न्हवतं. पर मी बोलले न्हाई, कारन मला हितं बसायचं व्हतं. तिची खुर्ची मला पायजे व्हती. आज आधी तिचं मतदान परत घ्या. मोजून घ्या. मंग तुमचं काय ते."

वकीलसाहेब आणि सर यांनी एकमेकांकडं पाहिलं. दोन तासांत पहिल्यांदा पाहिलं. आणि दोघं एकदमच म्हणाले, "हा विषय अजेंड्यावर नाही."

बघा. मथुरेचं नाव निघालं की ही दोन माणसं एक होतात. आमच्या पक्षाची एकजूट म्हणतात ती हीच.

वकीलसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, तुमचं वय झालंय. आराम करा. राजीनामा लिहून द्या, कमिटी तुमचा सत्कार करंल."

"मावशी मनू नगा. आन् राजीनामा देत न्हाई. काढायचं असंल तर मोजून काढा."

बैठक तहकूब झाली. कोणी माझ्याबरोबर जिना उतरलं नाही. बाकीच्या कोणी तोंड उघडलं नाही, आणि मी त्यांना दोष देणार कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी मी मथुरेकडं गेले. ती शेळ्यांना पाला टाकत होती. मी घडलं ते सगळं सांगितलं. ती पाला टाकत राहिली.

"लय उशीर केलास, आक्का."

"व्हय."

"पाचची सुट्टी माघारी येती का त्येनं?"

"न्हाई."

"मंग मला सांगायला कामून आलीस? बरं वाटावं मनून?"

खरं होतं ते. थोडं बरं वाटावं म्हणूनच आले होते. तिनं मला बरं वाटू दिलं नाही, आणि ते तिनं ठीक केलं. शेवटी पाल्याची काडी झटकत एवढं म्हणाली, "तुज्यावर बैठक कवा हाय ते सांग. दारात बसंन मी. आत सोडत न्हाईत तर दारात."

मला पक्षाची नोटीस आली आहे. शिस्तभंग, गटबाजी. मथुरेच्या कागदावर होते तेच शब्द. मला काढायला बैठक बोलावली आहे. शेवटी नोटिशीवर माझ्या नावामागं कॉम्रेड लिहिलं आहे.

मी जाणार आहे. बिल्ला लावणार आहे, पदराच्या वर. खुर्ची मधे ओढून बसणार आहे. खुरपणीच्या बायांना निरोप धाडले आहेत. येतील त्या येतील. पक्ष मी सोडणार नाही. तो वकिलाचा नाही आणि मास्तराचा नाही, तुरुंगात मी माझं लेकरू त्याच्यासाठी नेलं होतं. घोषणा दिली तर मी झिंदाबाद म्हणेन, मोठ्यानं म्हणेन.

पण हात मांडीवर राहील. मोजणारा माझ्यासमोर येऊन उभा राहीपर्यंत.